प्रेम नगर (झाशी) ते महाराष्ट्र: कुटुंबासह लांबचा रस्ता प्रवास आणि सोबत येणारे शासकीय लाभ

थोडक्यात

झाशीच्या प्रेम नगर भागातील अनेक मराठी कुटुंबे लग्नकार्य, कुलदैवताचे दर्शन किंवा आषाढी वारीसाठी गाडी करून महाराष्ट्रात जातात. घरातील दहा-बारा माणसे, आठ-दहा दिवसांचे सामान, वाटेत स्वयंपाक आणि गाडीतच झोप, असा हा प्रवास असतो. वाटेत आजारपण आले किंवा अपघात झाला तर घरच्या राज्यातील कार्ड तिथे चालेल का, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा गाडी निघाल्यानंतर पडतो.

या लेखात पुढील माहिती दिली आहे: कोणते लाभ राज्याची हद्द ओलांडल्यावरही मिळतात, कोणते मिळत नाहीत, गाडी निवडताना काय तपासावे आणि निघण्यापूर्वी घरीच कोणती कामे पूर्ण करावीत.

लक्षात ठेवण्याची मुख्य बाब अशी: केंद्र शासनाच्या अनेक योजनांचा लाभ तुम्हाला दुसऱ्या राज्यातही मिळतो. परंतु अपूर्ण ई-केवायसी, न काढलेले कार्ड किंवा खंडित झालेला विमा यांची दुरुस्ती प्रवासात होणे कठीण असते. ती कामे घरूनच करून निघा.

हा लेख कोणासाठी आहे?

- उत्तर प्रदेशातील ‘पात्र गृहस्थी’ किंवा अंत्योदय शिधापत्रिकाधारक कुटुंबे
- आयुष्मान भारत (प्रधानमंत्री जन आरोग्य योजना) लाभार्थी
- ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठ नागरिक
- गर्भवती, स्तनदा माता आणि सहा वर्षांखालील मुले असलेली कुटुंबे
- जन धन खातेधारक आणि पेन्शनधारक

रस्ता आणि मुक्काम

झाशी ते नागपूर हा प्रवास राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून होतो. बबीना, तालबेहट आणि ललितपूरपर्यंत उत्तर प्रदेश आहे. त्यानंतर मालथौन, सागर, नरसिंहपूर, लखनादौन आणि सिवनी हा मध्य प्रदेशातील टप्पा येतो. खवासा ओलांडले की महाराष्ट्र सुरू होतो. एकूण अंतर जवळपास ६०० किलोमीटर आहे. म्हणजे तुम्ही तीन राज्यांतून जाता आणि निम्म्याहून अधिक प्रवास मध्य प्रदेशात होतो.

मुले आणि वृद्ध सोबत असतील तर हे अंतर एका दमात कापू नका. सागर किंवा नरसिंहपूर येथे एक रात्र मुक्काम ठेवा. चालकाने दिवसभरात आठ तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती घ्यावी. सिवनीच्या पुढे कुरई घाट आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाचा परिसर लागतो. हा टप्पा दिवसाउजेडी पार करा. डिसेंबर-जानेवारीत झाशी परिसरात दाट धुके असते, त्यामुळे पहाटे निघण्याऐवजी धुके विरल्यावर निघा. मे-जून महिन्यांत दुपारी गाडी सावलीत थांबवा.

पहिल्यांदाच मोठी गाडी घेऊन निघत असाल तर आधी ओरछापर्यंत एक दिवसाची फेरी करून पाहा. अंतर थोडे आहे आणि ओरछा मध्य प्रदेशात असल्याने परवाना, फास्टॅग, सामानाची बांधणी आणि मुलांची बसण्याची सोय या सर्वांची चाचणी होते.

पहिला निर्णय: कोणती गाडी?

*मालवाहू गाडी (लोडर, पिकअप, ट्रॅक्टर-ट्रॉली):* स्वस्त पडते म्हणून या गाडीतून कुटुंब नेऊ नका. मालवाहू गाडीत माणसे बसवणे नियमाविरुद्ध आहे. अशा गाडीतील प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झाले आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढाच अपवाद आहे. अपघात झाल्यास जखमींना आणि मृतांच्या वारसांना गाडीमालकाकडून वसुली करावी लागते आणि ती अनेकदा होत नाही. दोन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी संपूर्ण कुटुंबाचा भरपाईचा हक्क धोक्यात येतो.

*पांढऱ्या पाटीची खासगी गाडी:* स्वतःची असेल तर वापरा. दुसऱ्याची खासगी गाडी पैसे देऊन भाड्याने घेतल्यास विम्याच्या अटीचा भंग होतो आणि दावा अडकू शकतो.

*पिवळ्या पाटीची प्रवासी गाडी (टेम्पो ट्रॅव्हलर, मिनीबस):* मोठ्या कुटुंबासाठी हा योग्य पर्याय आहे. मालकाकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, ते विचारा. नसल्यास मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा कर आणि परवाना स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. तो खर्च कोण देणार, हे भाडे ठरवतानाच लिहून घ्या. प्रवाशांची यादी गाडीत ठेवा.

*कॅम्पर व्हॅन (मोटार कॅरॅव्हॅन):* झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली ही गाडी नोंदणी पुस्तिकेत त्याच प्रकारात नोंदलेली असावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले आहे. साध्या व्हॅनमधील आसने काढून पलंग, ओटा किंवा गॅस बसवून घेऊ नका. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. रात्री विसाव्यासाठी गादी-चटई पुरेशी आहे. गाडीची रचना बदलू नका.

गाडी ठरवताना नोंदणी पुस्तिका, विमा, फिटनेस प्रमाणपत्र (व्यावसायिक गाडीसाठी), प्रदूषण प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना यांची मुदत स्वतः पाहा. नोंदणी पुस्तिकेत जेवढी आसने लिहिली आहेत तेवढीच माणसे बसवा.

सोबत येणारे लाभ

*१. रेशन: एक देश एक शिधापत्रिका*

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ खालील शिधापत्रिकाधारक देशातील कोणत्याही ई-पॉस यंत्र असलेल्या रास्त भाव दुकानातून धान्य घेऊ शकतो. जून २०२२ पासून ही सोय सर्व राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू आहे. प्रेम नगरात ज्यांना कोटेदार म्हणतात, तेच महाराष्ट्रात रास्त भाव दुकानदार. तुमचे ‘पात्र गृहस्थी’ कार्ड तिथल्या ‘प्राधान्य कुटुंब’ कार्डासारखे आहे.

- प्राधान्य गटाला दर व्यक्ती दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळते.
- सोबत शिधापत्रिका असलीच पाहिजे असे नाही. शिधापत्रिका क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो.
- धान्य विभागून घेता येते. उदाहरण: कार्डावर पाच सदस्य असल्यास महिन्याचे २५ किलो होतात. घरी राहिलेले दोघे प्रेम नगरात १० किलो घेऊ शकतात आणि उरलेले १५ किलो प्रवासातील सदस्य नागपुरात घेऊ शकतात.
- दुकानदाराने नकार दिल्यास १४४४५ वर संपर्क करा.

वाटपाच्या तारखा राज्याप्रमाणे बदलतात. प्रवास आठ दिवसांपेक्षा कमी असेल तर निघण्यापूर्वीच घरी धान्य घेणे सोयीचे असते. महिनाभर किंवा अधिक काळ राहणार असाल तर या सोयीचा खरा उपयोग होतो.

*२. आजारपण: आयुष्मान भारत*

या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतात. उत्तर प्रदेशात काढलेले कार्ड मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील योजनेशी संलग्न रुग्णालयांत चालते. ७० वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी उत्पन्नाची अट नसलेले ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. कुटुंब आधीच योजनेत असले तरी ज्येष्ठांना ५ लाखांपर्यंतचे स्वतंत्र संरक्षण मिळते.

महाराष्ट्रात ही योजना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसोबत एकत्रित राबवली जाते. रुग्णालयातील आरोग्यमित्राला (उत्तर प्रदेश व मध्य प्रदेशात आयुष्मान मित्र) स्पष्ट सांगा: “आमचे कार्ड आयुष्मान भारतचे आहे आणि ते उत्तर प्रदेशचे आहे.” केवळ “फुले योजना आहे का” असे विचारल्यास महाराष्ट्राचा रहिवासी पुरावा मागितला जाऊ शकतो.

बाह्यरुग्ण तपासणी आणि किरकोळ औषधे या योजनेत येत नाहीत. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील एवढी सोबत घ्या.

*३. रस्ते अपघात: रोखरहित उपचार*

रस्ते अपघातातील जखमींसाठीची रोखरहित उपचार योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील प्रत्येक जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, कमाल १.५ लाख रुपयांचे उपचार निर्देशित रुग्णालयात मिळतात. यासाठी आयुष्मान कार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. रस्ता कोणताही असला तरी योजना लागू होते. ११२ वर फोन केल्यास जवळचे रुग्णालय आणि रुग्णवाहिका यांची मदत मिळते आणि पोलिसांकडेही नोंद होते.

*४. अपघात विमा*

- प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वय १८ ते ७०, वार्षिक हप्ता २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वासाठी १ लाख रुपये. विमा वर्ष १ जून ते ३१ मे असते. मेअखेरीस खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि संरक्षण थांबते.
- जन धन खात्याचे रुपे कार्ड: २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांवर २ लाख रुपयांचा अपघात विमा आहे. त्यासाठी अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत कार्डाने व्यवहार झालेला असावा. कार्ड कपाटात पडून असेल तर निघण्यापूर्वी एकदा वापरा.

*५. माता आणि बालके*

मुलांचे लसीकरण आणि गर्भवतीची तपासणी कोणत्याही राज्यातील शासकीय आरोग्य केंद्रात होते. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा, म्हणजे आधीच्या नोंदी तिथे दिसतील. मुक्काम लांबणार असेल तर जवळच्या अंगणवाडी सेविकेला भेटा. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा हप्ता आणि पेन्शन बँक खात्यात जमा होते, त्यासाठी परत यावे लागत नाही.

सोबत न येणारे लाभ

- महाराष्ट्राची ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना महाराष्ट्राच्या रहिवासी महिलांसाठी आहे. माहेर महाराष्ट्रात असले तरी झाशीत राहणाऱ्या महिलेने खोटा पत्ता देऊन अर्ज करू नये. असा अर्ज भरून देण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.
- दोन राज्यांत दोन शिधापत्रिका ठेवता येत नाहीत. दुहेरी नाव आढळल्यास नाव वगळले जाऊ शकते.
- उज्ज्वला जोडणीचा १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर प्रवासी गाडीतून नेणे धोक्याचे आहे. वाटेत स्वयंपाक करायचाच असेल तर ५ किलोचा लहान सिलिंडर घ्या. गाडी थांबवून, सर्वांना खाली उतरवून, मोकळ्या जागी चूल पेटवा. गाडीच्या आत कधीही पेटवू नका.

पथकर

व्यावसायिक गाडीचा पथकर भाड्यात धरला आहे का, ते आधी ठरवा. फास्टॅग नसल्यास किंवा चालत नसल्यास, १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट शुल्क द्यावे लागते. वार्षिक फास्टॅग पास फक्त खासगी कार, जीप व व्हॅनसाठी आहे. भाड्याच्या गाडीला तो चालत नाही. नागपूरहून पुढे समृद्धी महामार्गाने (नागपूर–मुंबई, ७०१ किलोमीटर) जाणार असाल तर तिथे हा पास लागू नाही, कारण तो राज्याचा महामार्ग आहे.

निघण्यापूर्वीची कामे

*पंधरा दिवस आधी*
- कोटेदाराकडे किंवा ‘मेरा राशन’ ॲपवर सर्व सदस्यांचे ई-केवायसी झाले आहे का, तपासा.
- ज्यांचे आयुष्मान कार्ड निघालेले नाही त्यांचे जन सेवा केंद्रात किंवा आशा कार्यकर्तीच्या मदतीने काढा. कार्ड प्रत्येक सदस्याचे वेगळे असते.
- बँकेत सुरक्षा विमा चालू आहे का आणि वारसाचे नाव नोंदले आहे का, विचारा.

*तीन दिवस आधी*
- झाशी, ललितपूर, सागर, नरसिंहपूर, सिवनी आणि नागपूर येथील आयुष्मान-संलग्न रुग्णालयांची नावे १४५५५ वर विचारून कागदावर लिहा.
- डिजिलॉकरमध्ये आधार, वाहन परवाना आणि नोंदणी पुस्तिका उतरवून घ्या. डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधील कागदपत्रे तपासणीत ग्राह्य धरली जातात.
- टायर, ब्रेक, दिवे, स्टेपनी आणि प्रथमोपचार पेटी तपासा.

*निघताना*
- प्रत्येक मुलाच्या खिशात पालकाचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा.
- शिधापत्रिका, आधार आणि आयुष्मान कार्डांच्या छायाप्रतींचा एक संच गाडीत, एक घरी राहिलेल्या व्यक्तीकडे ठेवा.
- चालकासह सर्वांनी सीट बेल्ट लावा. १४ वर्षांखालील मुलांना बेल्ट किंवा बालआसनाशिवाय बसवल्यास १,००० रुपये दंड आहे.

अपघात झाल्यास क्रमाने काय करावे?

१. गाडी बंद करा, धोक्याचे दिवे लावा, माणसांना रस्त्याच्या कडेपासून दूर न्या.
२. ११२ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वरही मदत मिळते. किलोमीटरच्या दगडावरील आकडा सांगा.
३. जखमींना रुग्णालयात नेल्यावर “रस्ते अपघात, रोखरहित उपचार” असे सांगा. सात दिवसांनंतरही उपचार लागणार असतील तर आयुष्मान कार्डाचा वापर करा.
४. पोलिसांकडील नोंदीची आणि प्राथमिक माहिती अहवालाची (एफआयआर) प्रत घ्या. विमा आणि भरपाई या दोन्हींसाठी ती लागते.
५. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये भरपाई मिळते. अर्ज अपघात जिथे झाला तिथल्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसील कार्यालयात करावा लागतो, त्यामुळे झाशीला परतण्यापूर्वी चौकशी करा.
६. गाडी ओळखली गेली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. हा दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे झाशीतही दाखल करता येतो. मुदत सहा महिन्यांची आहे.
७. सुरक्षा विम्याची सूचना शक्यतो ३० दिवसांत बँकेला द्या.

वाटेत दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तर मदत करण्यास घाबरू नका. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास ‘राहवीर’ योजनेतून २५,००० रुपये बक्षीस दिले जाते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आयुष्मान कार्ड घरी विसरले. उपचार मिळतील का?*
होय. आधार क्रमांकावरून आरोग्यमित्र तुमची नोंद शोधू शकतो. नाव आधीपासून योजनेत असणे मात्र आवश्यक आहे.

*आजीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. नागपुरात रेशन मिळेल का?*
त्याच कार्डावरील दुसरा सदस्य ठसा देऊन कुटुंबाचे धान्य घेऊ शकतो. त्या सदस्याचे आधार कार्डाशी जोडलेले असावे.

*आमच्या चालकाकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे. तो टेम्पो ट्रॅव्हलर चालवू शकतो का?*
७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची प्रवासी गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे कायम ठेवले आहे. गाडीचे वजन नोंदणी पुस्तिकेत पाहा.

*वकील करण्याची ऐपत नाही. भरपाईचा दावा कसा करायचा?*
महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा.

उपयोगी क्रमांक

- आपत्कालीन मदत: ११२
- रुग्णवाहिका: १०८
- राष्ट्रीय महामार्ग: १०३३
- आयुष्मान भारत: १४५५५
- एक देश एक शिधापत्रिका: १४४४५
- महिला मदत: १८१
- बालक मदत: १०९८
- मोफत कायदेशीर मदत: १५१००

हे क्रमांक कागदावर लिहून गाडीत चालकाच्या समोर चिकटवा. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद वाचता येतो.